वाटाण्याचं रोप आणि विलायतेचं तिकीट

आमच्या बेव्हर्ली पार्कात संध्याकाळी सातनंतर माझ्या दारावरची बेल वाजली की समजावं, कुणाचं तरी काम आहे. बचत गटाचं पासबुक, रेशनकार्डावरचं नाव, नाहीतर घरातली भांडणं. मागच्या महिन्यात शेजारच्या इमारतीतली एक मैत्रीण आली ती कापडी पिशवी घेऊन. पिशवीत पाटल्या, मोहनमाळ आणि लेकीच्या नावाचं एक पत्र. लेकीला परदेशात सिनेमा शिकायला प्रवेश मिळाला होता. फीचा आकडा ऐकून मीच आधी पाणी प्यायले. नवरा म्हणतो कर्ज काढू. सासूबाई म्हणतात लग्नाला मग काय उरणार. आणि हिला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की दागिने ठेवू का नको ते सांगा.

तसं आमच्या मीरा रोडला सिनेमावाल्यांचं अप्रूप नाही. मालिकांत कामं करणारी, कॅमेऱ्यामागे राबणारी कितीतरी मुलंमुली इथे भाड्याने राहतात. अंधेरीपेक्षा इथलं भाडं परवडतं म्हणून. पण शिकायला परदेशात जायचं आणि तेही सिनेमा, हे आमच्या मजल्यावर कुणाच्या पचनी पडेना. मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. दागिन्यांच्या बाबतीत माझा एक हट्ट आहे. इतकी वर्षं बायकांमध्ये काम करते, त्यातून आलेला. बाईचं सोनं एकदा घराबाहेर गेलं की बहुतेक वेळा परत येत नाही, आणि ते कशासाठी गेलं हे तिला धड सांगितलेलंही नसतं. म्हणून मी नेहमी नकोच म्हणते.

पण रात्री भांडी आवरताना मला दादासाहेब फाळके आठवले. खरं सांगायचं तर आधी सरस्वतीबाई आठवल्या आणि त्यांच्यामागून दादासाहेब. सिनेमा शिकायला विलायतेला जाण्यासाठी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच एका मराठी घरात पैशांची अशीच जुळवाजुळव झाली होती.

धुंडिराज गोविंद फाळके जन्मले ३० एप्रिल १८७० रोजी, त्र्यंबकेश्वरला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे मोठे पंडित. घरात पूजा, पुराणं, श्लोक. मुलगाही भिक्षुकी नाहीतर शास्त्रीपण करील असंच कुणालाही वाटलं असतं. वडिलांना मुंबईत कॉलेजात शिकवण्याचं काम मिळालं, कुटुंब मुंबईला आलं आणि या मुलाने १८८५ मध्ये जे. जे. कला महाविद्यालयात नाव घातलं. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम आणि फोटोग्राफी शिकला. मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी लोकांची समजूत होती त्या काळी! धंदा कसा चालणार? त्यातच प्लेगची साथ आली आणि पहिली बायको आणि मूल दोघंही गेली. गोध्रा सुटलं.

नंतरची त्यांची नोकरी-धंद्याची यादी वाचली की आपल्याकडच्या कुठल्याही सासऱ्याने कपाळाला हात लावला असता. एका परदेशी जादूगाराकडून जादू शिकले आणि फाळके हे नाव उलटं करून प्रोफेसर केल्फा म्हणून प्रयोग केले. नाटकांचे पडदे रंगवले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी लागली, ती १९०६ मध्ये सोडली. लोणावळ्याला छपाईचा धंदा काढला, राजा रविवर्मांच्या छापखान्याचं काम केलं, मग दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. आणि मग भागीदारांशी बिनसलं. तेही सोडलं.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं होतं. करंदीकरांची गिरिजा फाळक्यांच्या घरी सरस्वती होऊन आली. किर्लोस्कर नाटक मंडळींच्या मालकांशी तिचं नातं होतं, म्हणजे रंग, पडदे, तालमी हे तिला अगदीच परकं नव्हतं. पण प्रत्येक वेळी नव्याने मांडलेला संसार उचलून दुसरीकडे न्यायचा, हे तिच्याच वाट्याला आलेलं. आपण ज्याला चंचल म्हणतो, नवऱ्यांच्या बाबतीत तर सर्रास म्हणतो, तसाच हा माणूस होता. मी त्यांची सून असते तर मीही कुरकुरले असते, हे कबूल करते.

छापखाना सुटल्यावरचे ते रिकामे दिवस. १९१०-११ च्या सुमारास गिरगावात तंबूत दाखवत असलेला एक सिनेमा दादासाहेबांनी पाहिला. पडद्यावर चालतेबोलते प्राणी, म्हणजे बोलत नव्हते, मूकपट होता तो, पण हलत होते. घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं तर कुणाला खरं वाटेना. मग सगळ्यांना घेऊन गेले, तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. येशू पडद्यावर चालताना पाहून त्यांच्या मनात आपले राम आणि कृष्ण तसेच चालताना दिसायला लागले.

यानंतर त्यांनी काय केलं हे मुद्दाम सांगते, कारण लेकीला परदेशी पाठवताना आपण फक्त प्रवेशाचं पत्र बघतो. हा माणूस विलायतेला जायच्या आधी कित्येक महिने घरीच शिकत होता. मिळेल तो सिनेमा बघायचा. स्वस्तातलं प्रोजेक्टर आणि फिल्मचे तुकडे मिळवून भिंतीवर चित्रं पाडून बघायची. पुस्तकं मागवून वाचायची. झोप कमी, डोळ्यांवर ताण. एक वेळ अशी आली की दिसेनासंच झालं. डॉक्टरांच्या उपचाराने आणि चष्म्याच्या आधाराने दृष्टी परत आली, तर गृहस्थ पुन्हा त्याच कामाला लागले. घरातलं एकेक सामान विकलं जात होतं. आजूबाजूचे लोक वेड लागलं म्हणायचे. सरस्वतीबाईंनी मात्र त्यांना वेडं ठरवलं नाही. मला वाटतं, त्याचं कारण त्या रोज बघत होत्या. भिंतीवरचं ते चित्र त्यांच्याच घरात हलत होतं ना!

विलायतेच्या तिकिटासाठी आणि कॅमेऱ्यासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. १ फेब्रुवारी १९१२ ला दादासाहेब बोटीत बसले, तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते. माझ्या वयाच्या बायका मला सांगतात, आता काय शिकायचं राहिलंय, तेव्हा मी हा आकडा सांगते.

लंडनमध्ये ओळखीचं कुणी नाही. पिकॅडिलीच्या भागात हिंडताना बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाची पाटी दिसली, तसे सरळ आत गेले आणि संपादकाला भेटले. कॅबर्न त्यांचं नाव. त्यांनी आधी या फंदात पडू नका असाच सल्ला दिला, कारण तिथेही किती जण या धंद्यात बुडालेले त्यांनी पाहिले होते. पण समोरच्या माणसाची तयारी बघून त्यांनीच वॉल्टनच्या सेसिल हेपवर्थ यांच्याकडे ओळख करून दिली. हेपवर्थ म्हणजे तेव्हाचे इंग्लंडातले नावाजलेले चित्रपट निर्माते. गंमत बघा, त्यांचाही धंदा घरातूनच वर आलेला. १९०५ मध्ये त्यांनी एक छोटा चित्रपट काढला, हरवलेल्या बाळाला शोधून आणणाऱ्या कुत्र्याचा. त्याची गोष्ट बायकोने लिहिली, आईचं काम बायकोने केलं, बाळ त्यांचंच आणि कुत्राही घरचाच. तो चित्रपट इतका चालला की प्रती काढून काढून मूळ फिल्म झिजली आणि तो पुन्हा पुन्हा चित्रित करावा लागला.

हेपवर्थनी फाळक्यांना स्टुडिओतले सगळे विभाग मोकळे करून दिले. कॅमेरा कसा चालवायचा, फिल्म कशी धुवायची, कशी जोडायची, प्रकाश कसा धरायचा. ना परीक्षा, ना प्रमाणपत्र. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, कोरी फिल्म आणि तिला भोकं पाडायचं यंत्र यांची मागणी नोंदवली आणि परत फिरले. १ एप्रिल १९१२ ला मुंबईत. म्हणजे सगळे मिळून दोन महिने, आणि त्यातलाही बराच काळ बोटीवर गेलेला. एवढ्या थोड्या दिवसांत शिकणं झालं ते आधीच्या वीस-पंचवीस वर्षांमुळे. फोटोग्राफी, रसायनं, पडदे, छपाई, जादू, जे जे लोकांना धरसोड वाटलं होतं ते सगळं तिथे उपयोगाला आलं. हेपवर्थकडे त्यांना फक्त ते एकत्र कसं बांधायचं ते दिसलं.

आणि आता माझ्या आवडीचा भाग. विलायतेत जे शिकले ते दादासाहेबांनी घरी येऊन पहिल्यांदा शिकवलं कुणाला? सरस्वतीबाईंना. त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोकं नसायची, ती आपणच पाडावी लागत. भोकं चुकली की फिल्म कॅमेऱ्यात अडकली किंवा पडद्यावर चित्र नाचायला लागलंच. आणि हे सगळं अंधारात करायचं, उजेड लागला की फिल्म वाया. मी एकदा वहीत हिशेब मांडून बघितला. एका फुटात सोळा चित्रं, प्रत्येक चित्राला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं. म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस. त्यांचा पहिला मोठा चित्रपट ३,७०० फुटांचा झाला. पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं होतात, आणि वाया गेलेल्या फिल्मची गोष्ट वेगळीच. यंत्र होतं खरं, पण अंधारात फिल्म सरकवणारे, चाचपून बघणारे हात बाईंचे होते, दिवसभराचा स्वयंपाक उरकून आलेले. फिल्म धुण्याची रसायनं मिसळायला त्या शिकल्या. कॅमेरा लावायला शिकल्या. उन्हात तासन् तास पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. फिल्म कापायची, जोडायची हेही शिकल्या. विलायतेचा अभ्यासक्रम त्यांनी दादरच्या घरात पुरा केला, असंच मी म्हणेन.

पण कॅमेरा आला म्हणून पैसे येत नाहीत. सावकारांना दाखवायचं काय? तर दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा मांडला. महिनाभर थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत राहिले. मग ती चित्रं सलग दाखवली तेव्हा पडद्यावर बीं फुटून, अंकुर येऊन, वेल सरसर वर चढताना दिसला. महिन्याची वाढ मिनिटा-दोन मिनिटांत. अंकुराची वाढ असंच त्या लघुपटाला म्हणतात. आपण घरोघरी मटकीला मोड आणतो, रात्रीतून मोड येतात आणि आपण बघतही नाही! या माणसाने तेच दाखवून कर्ज मिळवलं. तरी कमी पडलं तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

इथे मी अडते दर वेळी. कारण असले प्रसंग सांगताना लोकांचा गळा भरून येतो आणि बाईच्या त्यागाचे गोडवे सुरू होतात. मला ते आवडत नाही. त्याच गोडव्यांनी किती जणींच्या मंगळसूत्रांची वाट लागलीय ते मी पाहिलंय. पण सरस्वतीबाईंची गोष्ट मला वेगळी वाटते. त्यांना ठाऊक होतं पैसा कशात जातोय. फिल्म किती लागते, किती वाया जाते, धुताना काय चुकतं, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. त्या धंद्यात होत्या.

राजा हरिश्चंद्रचं काम दादरच्या मथुरा भुवनात सुरू झालं. सिनेमात काम करतो म्हटलं की मुलाला कुणी मुलगी देणार नाही अशी परिस्थिती, म्हणून मंडळींना बाहेर सांगायला लावलं होतं की आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. परेश मोकाशींचा २००९ चा चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल, त्याचं नाव तिथूनच आलंय. तारामतीच्या कामाला एकही बाई मिळेना. दादासाहेब गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांकडेही जाऊन आले, त्यांनीही नाही म्हटलं. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत नाजूक हातांचा एक आचारी दिसला, अण्णा साळुंके. तो झाला तारामती! रोहिदासाला साप चावून मरायचं असतं, असल्या कामाला आपलं मूल कोण देणार? मग घरचाच भालचंद्र उभा केला. बाहेरच्या चित्रीकरणाला मंडळी वांगणीला गेली, तर तलवारी आणि मुकुट बघून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखे वाटले आणि पोलीस आले.

साठ-सत्तर माणसांचं जेवणखाण, कपडे धुणं, आजारपणं, सगळं सरस्वतीबाईंच्या अंगावर. आणि रात्री फिल्म. साडेसहा-सात महिन्यांनी चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निवडक लोकांना दाखवला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सगळ्यांसाठी लागला. लोकांनी गर्दी केली. कर्ज फिटायला लागलं.

पुढचा पसारा मोठा आहे, तो थोडक्यात सांगते. फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. ही कमलाबाई म्हणजे नंतरच्या कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी. १९१४ मध्ये दादासाहेब आपले तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. या वेळी शिकायला नाही, दाखवायला. तिथेच राहून चित्रपट काढा असं बोलावणंही आलं, ते त्यांनी नाकारलं. इकडे महायुद्ध पेटलं आणि भांडवल देणाऱ्यांनी हात आखडते घेतले. पुन्हा घरावर कर्ज, पुन्हा ओढाताण. १९१७ च्या लंकादहनाने मात्र पैशांचा पाऊस पाडला. त्यात राम आणि सीता ही दोन्ही कामं साळुंक्यांनीच केली होती. १९१९ च्या कालियामर्दनात कृष्ण झाली ती दादासाहेबांची चिमुरडी मंदाकिनी. जिला नाकातून रडतानाही लाज वाटावी अशा काळात पुराणिकांच्या घरातली मुलगी यमुनेच्या डोहात नागाच्या फण्यावर नाचली.

त्यांचं सगळंच कौतुक करून थांबले तर ते खरं होणार नाही. कॅमेरा, रसायनं, ट्रिका, जे हातांनी शिकता येतं ते या माणसाने पटापट शिकलं. माणसांबरोबर धंदा करणं मात्र जमलं नाही. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी भागीदारीत निघाली, आणि छापखान्यात झालं तेच पुन्हा झालं. खर्चावरून खटके, राजीनामा. उठून काशीला जाऊन बसले, तिथे रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं. मग परत आले. तोवर काळ बदलला, बोलपट आला. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट कोल्हापूरला झाला आणि शेवटचाही तोच. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले, तेव्हा हाताशी फारसं काही नव्हतं. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला आणि पहिला मिळाला देविका राणींना, एका बाईला, एवढं मात्र छान झालं.

मी दादरला उतरते तेव्हा पूर्वेला दादासाहेब फाळके रोडची पाटी दिसते. गोरेगावला चित्रनगरीला त्यांचं नाव आहे. त्या पाट्या बघताना मी मनातल्या मनात आणखी एक नाव लिहून टाकते.

तर ही सगळी गोष्ट मी आमच्या त्या मैत्रिणीला आणि तिच्या लेकीला सांगितली, दोघींना एकत्र बसवून. लेकीला विचारलं, इथे काय करून पाहिलंस? तर तिने मोबाइलवर चारेक मिनिटांचा एक माहितीपट दाखवला. आमच्याच भाईंदर बाजूच्या, मीठ पिकवणाऱ्या बायकांवरचा. पहाटे चारला उठून मिठागरात गेली होती म्हणे, आणि आईला पत्ताच नाही. आईने तो तिथे माझ्या सोफ्यावर पहिल्यांदा बघितला. मग परत लावायला सांगितला. मग हा आवाज वेगळा कसा घेतलास, हे दृश्य एवढ्या लांबून का, असं विचारत बसली. लेक सांगत होती. मी चहा टाकायला आत गेले.

दागिन्यांची पिशवी ती परत घेऊन गेली आहे, कपाटात. कर्जाची कागदपत्रं बँकेतून आणायची आहेत. येत्या रविवारी दुपारी आम्ही तिघी ती ओळीने वाचणार आहोत, बारीक अक्षरातलीसुद्धा. तिच्या सासूबाईंनाही बोलावलंय. मिठागरवाल्या बायका त्यांनीही अजून बघितलेल्या नाहीत.